यीस्टच्या आधी

नवऱ्याच्या नोकरीबद्दल गंगुबाई कधी खोटं बोलल्या नाहीत. "बार्लीच्या कंपनीत आहेत," एवढंच त्या सांगायच्या, आणि त्यात चूक काहीच नव्हती. भिकाजींचा सगळा दिवस बार्लीतच जायचा. त्या बार्लीचं पुढे काय होतं, ते मात्र त्या सांगत नसत.

तळोज्याकडच्या एका ब्रुअरीत भिकाजी पोती उतरवायला म्हणून लागले होते. निवृत्त झाले तेव्हा ते हेड ब्रुअर होते. मधली एकतीस वर्षं बिअर कशी करतात ते शिकण्यात आणि मग दुसऱ्यांना शिकवण्यात गेली. पण गंगुबाईंचे वडील गुहागरकडच्या आपल्या गावात दारूबंदीवाले म्हणून नावाजलेले. हातभट्टीची मडकी त्यांनी स्वतः काठीने फोडलेली. जावई काय करतो हे अशा माणसाला कोणी सांगायचं? पुढे वडील गेले, तरी गंगुबाईंची सवय गेली नाही. पनवेलच्या चाळीतल्या बायका भिकाजींच्या शर्टाला भाजल्या बिस्किटांचा वास येतो म्हणायच्या, तेव्हा बिस्किटांनाही बार्ली लागते असं सांगून त्या विषय संपवत. भिकाजींनी याबद्दल तक्रार केली नाही. घरात कामाचं बोलायचं नाही हे त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. ते स्वतः प्यायचेही नाहीत, कामावर चव घ्यावी लागे तेवढंच.

त्यामुळे झालं असं की आपला नवरा दिवसभर नेमकं काय करतो, हे गंगुबाईंनी उभ्या आयुष्यात पाहिलं नाही. ते पाहायचा योग आला तो थेट ओमानमध्ये, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, मुलाच्या फ्लॅटमध्ये.

देवेश समुद्राच्या पाण्याचं गोडं पाणी करणाऱ्या प्लांटवर इंजिनिअर होता. सून यशश्री शाळेत शिकवायची. दोघांनी अल हैलमध्ये तिसऱ्या मजल्यावर जागा घेतली होती, तिच्या गच्चीतून समुद्राची एक निळी पट्टी दिसे. नोव्हेंबरच्या शेवटी आईवडिलांना त्यांनी तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं. गंगुबाई पंधरा दिवसांत रुळल्या. समोरच्या दारात दापोलीचे मजीद आणि शकीला राहत होते, शकीलाकडून मासळीची गाडी कधी येते ते त्यांना कळलं, आणि मग त्यांना घर घरासारखं वाटायला लागलं. भिकाजी मात्र नुसते फिरत. सकाळी किनाऱ्यावर, दुपारी गच्चीत, संध्याकाळी पुन्हा किनाऱ्यावर. दुपारची विमानं उतरताना ती कुठून आली असतील याचा अंदाज बांधणं हा त्यांचा एक उद्योग होऊन बसला.

मजीदचं सीबला किराणा दुकान होतं. एकदा भिकाजी त्याच्याबरोबर तिथे गेले आणि फ्रिजपाशीच उभे राहिले. त्यात बिननशेच्या माल्ट ड्रिंकचे डबे रांगेने लावलेले होते, लिंबाचे, डाळिंबाचे, अननसाचे. त्यांनी एक डबा घेऊन त्यावरचं बारीक अक्षरातलं सगळं वाचलं. मग एक घोट घेतला आणि डबा खाली ठेवला. घरी आल्यावर गंगुबाईंना म्हणाले की त्यात साखर आणि वास आहे, धान्य कुठे नाही. पुष्कळ दिवसांनी ते एवढं बोलले होते.

पुढच्या शुक्रवारी देवेश सगळ्यांना निझवाला घेऊन गेला. किल्ला पाहून झाला, बकऱ्यांचा बाजार पाहून झाला, आणि बाजाराच्या मागच्या गल्लीत एका कच्छी व्यापाऱ्याच्या दुकानासमोर भिकाजी दिसेनासे झाले. गंगुबाई शोधत आत गेल्या तर ते एका पोत्यात कोपरापर्यंत हात घालून उभे होते. टरफलासकट जव होते ते, म्हणजे बार्लीच. जनावरांसाठी आणलेले. भिकाजींनी चार दाणे चावले, दोन नखाने चिरून पाहिले, नाकाशी नेले आणि दहा किलो तोलायला सांगितले.

गाडीत बसल्यावर देवेशने आरशातून विचारलं, हे कशाला?

"एक अंबर एल करीन म्हणतो," भिकाजी म्हणाले.

देवेशने गाडी बाजूला घेतली. इथे घरात दारू गाळणं हा गुन्हा आहे, आपली नोकरी आणि सगळ्यांचे व्हिसा त्यावर टांगलेले आहेत, हे त्याने शक्य तितक्या शांतपणे सांगितलं. भिकाजींनी ऐकून घेतलं. मग त्यांनीही तितक्याच शांतपणे सांगितलं की एल म्हणजे बिअरचाच एक प्रकार, आणि तिची सगळी कामं यीस्ट घालण्याच्या आधीची असतात. मोड आणणं, भाजणं, भिजवणं, गाळणं, उकळणं, यात नशेचा थेंब नसतो. नशा यीस्ट करतं.

"मी यीस्टच्या आधी थांबणार," ते म्हणाले. "माणसाचं काम त्याच्या आधीच असतं रे. नंतर नुसती वाट बघायची असते."

देवेशने गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. यशश्रीने मागे वळून सासऱ्यांना विचारलं की ओव्हन लागेल का. लागेल, असं भिकाजी म्हणाले.

जव जिवंत आहेत का ते आधी पाहायचं होतं. वीस दाणे ओल्या कापसात ठेवले, तीन दिवसांनी एकोणिसांना मोड आले. भिकाजींचा चेहरा असा झाला की जणू बोर्डाचा निकाल लागला. मग त्यांनी दहाही किलो दोन पातेल्यांत भिजत घातले. आठ तास पाण्यात, आठ तास पाण्याबाहेर, पुन्हा पाण्यात. गंगुबाईंनी विचारलं, बाहेर कशाला काढायचे, तर ते म्हणाले, दाण्याला श्वास घ्यायचा असतो, सारखा पाण्यात ठेवला तर गुदमरतो. बोलताना त्यांचा आवाज हलका झाला होता. कामावर त्यांचा आवाज असाच असेल, हे गंगुबाईंच्या पहिल्यांदा मनात आलं.

मोड यायला गारवा लागतो. जानेवारी असला तरी दुपारी ऊन तापायचं, म्हणून पाहुण्यांच्या खोलीतला एसी अठरावर लावला आणि यशश्रीच्या ओव्हनचे ट्रे, दोन पराती आणि एक जुनं बेडशीट यांवर जव पसरले. खोली तीच, त्यामुळे म्हातारा-म्हातारीही त्याच गारव्यात. वाळवंटाच्या देशात गंगुबाई स्वेटर घालून, कानाला स्कार्फ गुंडाळून बसायला लागल्या. पण तिसऱ्या दिवशी त्यांनी त्या पसरलेल्या दाण्यांकडे नीट पाहिलं आणि त्यांना हसू आलं.

हे तर नाचणीचं सत्त्व. देवेश लहान असताना त्यांनी नाचणी भिजवून, फडक्यात बांधून, मोड आणून, सावलीत वाळवून दर महिन्याला केलं होतं. एकाच घरात हे दोघं एकच काम करत होते, एक स्वयंपाकघरात आणि एक कारखान्यात, आणि एकाने दुसऱ्याला सांगितलं नव्हतं.

त्यांनी कडेचे दाणे वाळताहेत असं दाखवलं आणि ओलं फडकं वरून टाकायला सांगितलं. भिकाजींनी क्षणभर विचार केला आणि फडकं आणलं. तेव्हापासून ते काम दोघांचं झालं. दाणे हाताने वरखाली करायचे, मुळांचा गुंता होऊ द्यायचा नाही. रोज एक दाणा सोलून आतला कोंब कुठवर आलाय ते पाहायचं. कोंब दाण्याच्या पाऊण लांबीला आला की थांबायचं, त्याहून वाढला तर दाण्यातला गोडवा तोच खाऊन टाकतो. पाचव्या दिवशी भिकाजींनी सोललेला दाणा बायकोच्या तळहातावर ठेवला आणि त्या म्हणाल्या, झालं. ते म्हणाले, झालंच.

दोन दिवस गच्चीत वाळवून, हाताने चोळून मुळं झाडली. मग थोडे जव ओव्हनमध्ये मंद भाजले आणि थोडे जरा जास्त, तांबूस होईपर्यंत. रंग त्यातूनच येतो. त्या दुपारी सगळ्या जिन्यात वास पसरला. भाजल्या बिस्किटांचा, तळोज्याच्या शर्टाचा वास. गंगुबाई ओव्हनसमोर उभ्या होत्या आणि दारावरची बेल वाजली.

शकीला होती. इतका छान वास कसला, ते बघायला आली होती.

गंगुबाईंच्या तोंडात उत्तर तयार होतं. नाचणीचं सत्त्व. तसं म्हटलं तर फारसं खोटंही नव्हतं. पण मागे भिकाजी ट्रे पुढेमागे करत होते, कपाळावर घाम आणि भुवईवर जवाचं तूस, आणि या माणसाचं पुन्हा काही झाकायचं गंगुबाईंच्या जिवावर आलं.

"आमचे हे ब्रुअर होते," त्या म्हणाल्या. "बिअर करायचे. एकतीस वर्षं. हेड ब्रुअर म्हणून रिटायर झाले."

मागे ट्रे ठेवल्याचा आवाज आला. भिकाजी वळून पाहत होते, पण गंगुबाईंनी तिकडे पाहिलं नाही. शकीला पुढे आली, एक तांबूस दाणा उचलून तिने चावला आणि सांगितलं की तिचे वडील वीस वर्षं जहाजावर खानसामा होते, पाहुण्यांसाठी डुकराचं मांससुद्धा शिजवायचे, स्वतः कधी चाखलं नाही, पण त्यांच्या हातची चव कप्तान मरेपर्यंत विसरला नाही. मग तिने मुद्द्याचं विचारलं. याच्यातनं आमच्या घरात चालेल असं काही होतं का?

भिकाजींनी तिला तेच सांगितलं जे देवेशला सांगितलं होतं, फक्त जास्त आनंदाने. शकीलाने तिथल्या तिथे फर्मान काढलं. तेरा दिवसांनी, शुक्रवारी, बरक्याला एका फार्मवर कोकणच्या मंडळींचं जेवण होतं, रत्नागिरी-रायगडची पन्नास-साठ माणसं, हिंदू-मुसलमान सगळे, प्रत्येकाने काहीतरी करून आणायचं. काकांनी हे आणायचं.

ती गेल्यावर भिकाजींनी गंगुबाईंसाठी चहा केला. चहा ते क्वचित करत, आणि तो नेहमीसारखाच पांचट झाला होता. गंगुबाई तो सगळा प्यायल्या.

पहिला घाणा दुसऱ्याच दिवशी, रविवारी घातला. मजीदने मासळीसाठी आणलेली नवी कोरी बर्फपेटी दिली, कारण माल्ट, म्हणजे मोड आणून भाजलेले हे जव, कोमट नाही आणि उकळतं नाही अशा पाण्यात तासभर एकाच उष्णतेवर राहायला हवेत. अर्धे जव मिक्सरमध्ये भरडून पेटीत घातले, पाणी ओतलं, थर्मामीटर पाहिला, झाकण लावलं. तासाने भिकाजींनी बशीत पेटीतलं थोडं पाणी घेऊन त्यात टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकायला सांगितलं. निळं झालं तर पिठूळपणा बाकी आहे, नाही झालं तर सगळ्याची साखर झाली. थेंब तपकिरीच राहिला. गंगुबाईंनी पळीभर पाणी चाखलं. ज्यात साखरेचा दाणाही घातला नव्हता ते काकवीसारखं गोड लागत होतं. त्यांनी आणखी एक पळी घेतली.

गाळून ते पातेल्यात उकळायला ठेवलं. कडूपणासाठी ब्रुअरीत हॉप्स नावाची फुलं घालत. इथे भिकाजींनी शकीलाला विचारून लूमी घातली, म्हणजे ओमानी लोक रश्शात घालतात ती वाळवलेली काळी लिंबं, आणि वरून संत्र्याची साल. तासभर उकळलं आणि रंग आला. काचेच्या पेल्यात धरून भिकाजींनी तो खिडकीकडे नेला. मधापेक्षा गडद, चहापेक्षा उजळ. अंबर.

फ्रिज भरलेला होता, म्हणून पातेलं झाकून त्याच थंड खोलीत ठेवलं. आणि चूक झाली ती गंगुबाईंकडून. मोड आणायचं काम संपलं होतं, त्या आठवडाभर कुडकुडल्या होत्या, त्यांनी एसी बंद केला. त्याचा त्या पातेल्याशी काही संबंध असेल हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. सोमवारी सुट्टी होती, सगळे मतराच्या बाजारात फिरायला गेले. मंगळवारी सकाळी भिकाजींनी झाकण काढलं तर वर पांढरा फेस होता.

गंगुबाईंनी कपाळाला हात लावला. कुठलं कुठलं हवेतलं यीस्ट त्या गोडाला लागलं होतं आणि काम सुरू झालं होतं. आता भिकाजी काय म्हणतील याची वाट पाहत त्या उभ्या राहिल्या. ते पातेल्याशेजारी खाली बसले, कान लावला आणि त्यांना हाताने बोलावलं.

"ऐक."

त्या गुडघे सांभाळत बसल्या आणि त्यांनीही कान लावला. आत बारीक आवाज होत होता, तव्यावर मीठ तडतडावं तसा, पण फार हळू. भिकाजी म्हणाले, रात्रपाळीला टाकीला कान लावून ते हे ऐकायचे. मीटर होते, चार्ट होते, पण टाकी बरी आहे की नाही ते त्यांना आवाजावरून कळायचं. हा आवाज घरी आणता येत नव्हता, एवढंच वाईट वाटायचं.

गंगुबाईंनी बोट बुडवून चाटलं. आंबट, गोड, जिभेला टोचणारं. त्यांचं तोंड वाकडं झालं आणि भिकाजी इतके हसले की यशश्री बाहेरून काय झालं विचारत आली. वडील असते तर पातेल्यावर काठी बसली असती, असं गंगुबाई म्हणाल्या, आणि दोघं पुन्हा हसले.

मग भिकाजींनी पातेलं उचललं, मोरीत नेलं आणि सगळं ओतून दिलं. कुणी सांगावं लागलं नाही. वरून पाणी सोडलं, पातेलं उकळत्या पाण्याने तीनदा धुतलं. ओतताना त्यांचा चेहरा पडलेला नव्हता. गंगुबाईंनी मुद्दाम निरखून पाहिलं. जे ऐकवायचं राहून गेलं होतं ते एकदा ऐकवून झाल्यासारखा तो चेहरा होता.

अर्धे जव उरले होते. दुसरा घाणा त्यांनी पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी, जेवणाच्या आदल्या दिवशी घातला, आणि या खेपेला पळी गंगुबाईंच्या हातात होती. पाणी किती गरम ते त्यांनी पाहिलं, आयोडीन त्यांनी टाकलं. भिकाजी शेजारी स्टूल घेऊन बसले आणि विचारल्याशिवाय बोलले नाहीत, फक्त एकदा म्हणाले की लूमी फोडून घाल, बिया काढ. यशश्रीने फ्रिजचे दोन खण रिकामे करून दिले. संध्याकाळी घट्ट, अंबर रंगाचं ते माल्टचं पाणी बाटल्यांत भरून थेट थंडीत गेलं.

शुक्रवारी बरक्याच्या फार्मवर खजुराच्या झाडांखाली सतरंज्या पडल्या होत्या. कुणी सांदणं आणली होती, कुणी मटण, शकीलाने पंचवीस माणसांचं माशाचं कालवण. भिकाजींनी टेबलावर बाटल्या मांडल्या, शेजारी बर्फ आणि सोड्याच्या बाटल्या. पेल्यात अर्धं माल्ट, अर्धा सोडा. वर फेस आला तेव्हा मजीद जरा थबकला. त्याने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, काका, याच्यात काही नाही ना, आणि गंगुबाईंना कळलं की तो स्वतःसाठी नाही, बाकीच्यांसाठी विचारतोय.

"यीस्टच घातलेलं नाही," भिकाजी म्हणाले. "काल उकळलं, तेव्हापासून फ्रिजमध्ये. फेस सोड्याचा आहे. माझा शब्द."

मजीदने पेला एका दमात रिकामा केला आणि पुढे केला. त्यानंतर रांग लागली. भिकाजींना दोन हात कमी पडायला लागले, म्हणून गंगुबाई सोडा ओतायला उभ्या राहिल्या. लोक विचारत होते, हे कुठे शिकलात, आणि भिकाजी उत्तर द्यायच्या आत गंगुबाई सांगत होत्या. ब्रुअरीत. हेड ब्रुअर होते. पाचव्या-सहाव्या माणसापर्यंत त्यांना ते सांगायची गोडी लागली, आणि तळोज्याच्या टाक्या किती मोठ्या होत्या हेसुद्धा, कधी न पाहता, त्या हात पसरून दाखवायला लागल्या. एका आजोबांना त्यांनी तीन मजली टाकी सांगितली. भिकाजींनी ती दोन मजली केली.

फार्मचा मालक खलफान नावाचा ओमानी म्हातारा होता, पांढरी दाढी, हातात काठी, मुंबईला येऊन-जाऊन शिकलेलं हिंदी बोलायचा. सगळ्यांची चौकशी करत तो टेबलापाशी आला. मजीदने त्याला पेला दिला आणि अरबीत काहीतरी समजावलं. खलफानने एक घोट घेतला, थांबला, दुसरा घेतला.

"शईर," तो म्हणाला. जव.

मग तो खुर्ची ओढून बसला. त्याचं गाव वर डोंगरात होतं. लहानपणी पायऱ्यापायऱ्यांच्या शेतात त्यांच्याकडे जव पिकायचे. आई ते भाजायची तेव्हा घराला असाच वास यायचा, आणि लूमी तर त्यांच्या स्वयंपाकघरात टांगलेलीच असायची. दोन्ही एकत्र कुणी पेल्यात घालेल हे त्याच्या कधी मनात आलं नव्हतं. शेत आता भाऊ बघतो, थोडेसे जव अजून लावतो, जुन्या बियाण्याचे. भिकाजींनी विचारलं, दाणा केवढा, टरफल पातळ की जाड, दोन ओळींचं कणीस की सहा ओळींचं? खलफानने काठीने वाळूत कणीस काढलं. भिकाजी त्याच्या शेजारी उकिडवे बसले आणि त्यांनी दुसरं काढलं. दोघांचं हिंदी सारखंच मोडकं असल्यामुळे त्यांना एकमेकांचं सगळं समजत होतं.

मार्चच्या शेवटी कापणी असते, खलफान म्हणाला. या माझ्याबरोबर. भावाकडे राहा, बायकोला आणा. डोंगरात गार असतं, तुमच्या मोडांना बरं.

भिकाजींनी वर पाहिलं. विमानाची तिकिटं फेब्रुवारीच्या बाविसाव्या तारखेची होती, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. ते काही बोलायच्या आत गंगुबाईंनी सोड्याची बाटली खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि सतरंजीवर देवेशशी गप्पा मारत बसलेल्या यशश्रीच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"देवेश," त्या म्हणाल्या, "तो व्हिसा वाढवायला काय काय कागद लागतात?"